रिपोर्टात टीएचसी शून्य, मग गरगरतंय कशानं? सांगलीतल्या एका विजया तेलाचं प्रकरण

प्रकरण सांगलीच्या विश्रामबागेतलं. बाई ६८ वर्षांच्या. हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी कायमची मागे लागलेली. दोन्ही गुडघे झिजलेले. वॉरफरिन चालू असताना नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर पॅरासिटामॉलच्या पुढे जात नाहीत. जिना चढताना कठडा धरायचा आणि रात्री गुडघ्याला शेक घ्यायचा, असं दोनेक वर्षं चाललेलं.

मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं कुठंतरी वाचलं, की सीबीडी तेलानं, म्हणजे भांगेच्या झाडातल्या सीबीडी या द्रव्याच्या तेलानं, सांधेदुखी थांबते, झोपही लागते आणि नशा अजिबात येत नाही. कंपनीच्या साइटवर फॉर्म भरला, वैद्यांचा फोन आला, पाच-सात मिनिटं बोलणं झालं, प्रिस्क्रिप्शन ईमेलवर आलं आणि बाटली कुरिअरनं सांगलीत पोहोचली. डोस लिहिला होता अर्धा मिली सकाळी, अर्धा मिली रात्री, जेवणानंतर.

आठवडा झाला नसेल. बाई रात्री अकराच्या सुमाराला बाथरूमला उठल्या आणि दारातच तोल गेला. चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या. झडप आणि वॉरफरिन असलेल्या माणसाचं पडणं म्हणजे नुसता मुका मार नसतो. डोक्याला लागलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. सकाळी सून बाटली आणि मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. मी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी केली. निवृत्तीनंतर आजूबाजूचे लोक चिठ्ठ्या आणि रिपोर्ट घेऊन येतात, तसं हेही आलं.

‘‘काका, रिपोर्टात टीएचसी नाही म्हणून लिहिलंय. नशेचं काही नाहीच, तर आईंना गरगरतंय कशानं?’’

आधी तेल बंद करायला सांगितलं आणि आयएनआरची (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) तपासणी त्याच दिवशी करायला पाठवलं. रिपोर्ट त्यानंतर उघडला. क्रम हाच असावा. कागद वाचायला संध्याकाळ पुरते.

बाटलीवर काय होतं

तीस मिलीची गडद काचेची बाटली, रबरी फुग्याचा ड्रॉपर. समोर मोठ्या अक्षरात ‘सीबीडी ऑइल, फुल स्पेक्ट्रम’ आणि खाली ‘१५०० मिग्रॅ’. मागच्या बाजूला, चष्मा काढून डोळ्यांजवळ धरावं लागेल एवढ्या अक्षरात: आयुर्वेदिक औषध, घटक विजया पत्र सत्त्व आणि तीळ तेल, परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादन महिना, आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे ही सूचना.

मागची अक्षरं समोरच्यांपेक्षा जास्त खरं बोलतात. आपल्या कायद्यात ‘सीबीडी तेल’ नावाचा वेगळा औषधवर्ग नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचा फुलोरा, असं धरलंय. फुलोरा सोबत नसेल तर पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. या फटीतून पानांचा अर्क आयुर्वेदिक परवान्यावर, ‘विजया’ या शास्त्रोक्त नावानं बाजारात येतो. औषध नियमांच्या शेड्यूल ई (१) मध्ये बिया वगळून विजयेची नोंद विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि लेबलवरची ती देखरेखीची सूचना त्यामुळेच सक्तीची आहे. कंपनीनं ती काळजीपोटी छापलेली नसते. आणि पान म्हटलं की त्यात सीबीडी असतं तसं टीएचसीही असतं. टीएचसी म्हणजे नशा आणणारं द्रव्य. किती असेल ते झाडाच्या वाणावर आणि अर्क कसा काढला यावर ठरतं.

जाता जाता आणखी एक, कारण दुकानात याचाच गोंधळ जास्त दिसतो. भांगेच्या बियांचं तेल ही पूर्ण वेगळी वस्तू. ते खाद्यतेल आहे, अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये त्याला अन्न म्हणून मान्यता दिली आणि त्यात सीबीडी जवळपास नसतंच. ते तेल सीबीडीच्या भावात विकणारेही महाभाग आहेत. आपल्या बाटलीत ती भानगड नव्हती.

क्यूआर कोडमधून निघालेला कागद

डब्यावरचा कोड स्कॅन केला की कंपनीच्या साइटवरचं एक पान उघडायचं. लक्षात घ्या, कंपनीच्या साइटवरचं, लॅबच्या नव्हे. त्यात एका पानाचा रिपोर्ट. मधोमध हिरव्या चौकटीत टीएचसीसमोर ‘एनडी’, म्हणजे ‘नॉट डिटेक्टेड’. मुलानं तेवढं पाहिलं आणि त्याचं समाधान झालं. बहुतेकांचं होतं. नजर मधल्या तक्त्यावर जाते, आणि कंपनीलाही ती तिथेच जायला हवी असते.

मी सुनेला म्हटलं, मधला तक्ता हातानं झाक आणि वर-खाली काय लिहिलंय ते वाच. ती मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर निर्यातीची कागदपत्रं बघते. कुरकुमीन, ओलावा, शिसं, अफ्लाटॉक्सिन यांचे रिपोर्ट रोज तिच्या हाताखालून जातात. तिला फार सांगावं लागलं नाही.

पहिली तिची नजर गेली तारखेवर. रिपोर्ट बाटलीच्या उत्पादन महिन्याच्या सव्वा वर्ष आधीचा. म्हणजे जे तेल तेव्हा तयारच झालं नव्हतं त्याचा हा रिपोर्ट. मग बॅच नंबर. बाटलीवर एक, रिपोर्टवर दुसराच, त्याची आद्याक्षरंसुद्धा वेगळी. मग नमुन्याचं वर्णन: ‘गडद हिरवा, घट्ट अर्क’. बाटलीतलं तेल पिवळसर, पाण्यासारखं ओघळणारं. हा तयार मालाचा रिपोर्ट नव्हताच, कच्च्या अर्काचा होता. तळाशी छापलेलं होतं ‘पान १, एकूण ३’. उरलेली दोन पानं कुठंच नव्हती. शिसं, जंतू, कीटकनाशकं असला मजकूर बहुधा त्या दोन पानांवर असतो.

तिला सगळ्यात खटकली ती शेवटची बारीक ओळ. ‘नमुना ग्राहकाने सादर केलेला. निष्कर्ष फक्त प्राप्त नमुन्यापुरते.’ लॅबचा ग्राहक म्हणजे इथे तेलाची कंपनी.

‘‘काका, आमच्याकडं पार्टीनं स्वतः आणून दिलेल्या नमुन्याच्या रिपोर्टवर कुणी सौदा करत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पोत्यात नळी खुपसून नमुना कुणी काढला, ते आधी विचारतात. पुढ्यात सोन्यासारखी हळकुंडं ठेवायची आणि गाडीत भुसा भरायचा, हे काय नवीन आहे का?’’

ही ओळ लॅब लबाडीनं छापत नाही. उलट ती लॅबचा प्रामाणिकपणा आहे. लॅब सांगते, की तुम्ही जे पाकिटात घालून पाठवलं तेवढंच आम्ही मोजलं, तुमच्या गोदामात काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही. ‘लॅब टेस्टेड’ हे दोन शब्द डब्यावर छापताना ही ओळ गळून पडते.

लॅबच्या नावाशेजारी एनएबीएलचं चिन्ह होतं. मुलाचा त्यावर भरवसा, आणि चिन्ह खरंही होतं. प्रयोगशाळांच्या क्षमतेसाठी आयएसओ १७०२५ हे मानक आहे आणि त्यानुसार मान्यता देण्याचं काम आपल्याकडे एनएबीएल करतं. पण मान्यता लॅबला सरसकट मिळत नसते. ती एकेका चाचणीसाठी, ठरलेल्या पद्धतीसाठी असते आणि त्या यादीला स्कोप म्हणतात. पाणी तपासायची मान्यता असलेली लॅब कॅनाबिनॉइडही (सीबीडी, टीएचसीसारखी भांगेतली द्रव्यं) मोजू शकेल, मशीन तेच असेल, माणसंही हुशार असतील, पण त्या आकड्यामागे मान्यतेचं बळ नसतं. आमच्या कागदावर सीबीडी आणि टीएचसीच्या ओळींपुढे चांदणी होती आणि तळाला चांदणीचा अर्थ: ‘स्कोपबाहेरील चाचणी’. एनएबीएलच्या साइटवर लॅबचा सर्टिफिकेट नंबर टाकला की तिचा स्कोप दिसतो. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते कुणी करत नाही.

एनडीचा अर्थ

आता मधल्या तक्त्यावरचा हात काढला. सीबीडी ६१.२ टक्के. टीएचसी एनडी. शेजारच्या रकान्यात एलओक्यू ०.१ टक्के.

एनडी म्हणजे ‘नाही’ नव्हे. एनडी म्हणजे आमच्या पद्धतीनं सापडलं नाही. एलओक्यू ही ती रेघ, जिच्याखाली लॅब खात्रीचा आकडा देत नाही. ०.१ टक्के म्हणजे ग्रॅमला एक मिलिग्रॅम. तयार तेलाच्या रिपोर्टात एवढ्या जाड रेघेवर एनडी लिहिलं असेल, तर तीस मिलीच्या बाटलीत, म्हणजे साधारण साडेसत्तावीस ग्रॅम तेलात, सत्तावीस-अठ्ठावीस मिलिग्रॅम टीएचसी दडून बसू शकतं आणि रिपोर्ट तरीही स्वच्छ दिसतो. म्हणून एनडी दिसलं की शेजारचा एलओक्यू बघायचा. तो रकानाच नसेल तर एनडीला किंमत नाही.

मर्यादेच्या रकान्यात ‘०.३ टक्क्यांपेक्षा कमी’ असं होतं आणि पुढे ‘पास’. हा ०.३ चा आकडा अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यातला. तिथे शेतातलं झाड हेंप (नशा न आणणारं) धरायचं की मरिवाना (नशेचं), ते वाळलेल्या मालातल्या टीएचसीवर ठरवण्यासाठी तो आहे. आजीबाईंनी अर्धा मिली घेतल्यावर गरगरेल की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘पास’ शब्द दिसला की कुठल्या परीक्षेत पास, हे विचारायचं. इथे तळाशी उत्तर होतं: मर्यादा ग्राहकाच्या स्पेसिफिकेशननुसार. प्रश्नपत्रिका कंपनीनंच काढलेली.

मला खरी शंका आली ती मात्र वेगळ्या ठिकाणी. डब्यावर ‘फुल स्पेक्ट्रम’, म्हणजे झाडातलं सगळं जसंच्या तसं. आणि रिपोर्टात ६१ टक्के सीबीडी असून टीएचसी शून्य. सीबीडीच्या वाणातही ज्या विकरामुळे सीबीडी तयार होतं त्याच विकरातून थोडं टीएचसी निघतंच, साधारण वीस-तीस भाग सीबीडीला एक भाग. ६१ टक्क्यांच्या अर्कात दोन-तीन टक्के टीएचसी दिसायला हवं होतं. दिसत नाही, याचा अर्थ ते मुद्दाम काढून टाकलंय. मग तो अर्क फुल स्पेक्ट्रम नाही. डबा आणि कागद यांतलं एकच काहीतरी खरं असणार होतं.

दुसरा रिपोर्ट

सुनेनं कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर ठरलेलं: आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आणि लॅब टेस्टेड आहे, निश्चिंत राहा. तिनं पुन्हा एकच वाक्य लिहिलं, बाटलीचा फोटो जोडून: ‘या बॅच नंबरच्या तयार तेलाचा, सगळ्या पानांचा रिपोर्ट पाठवा.’ असं नेमकं मागितलं की टोलवाटोलवी अवघड होते. चार दिवसांनी पीडीएफ आली. हे कंपनीच्या बाजूनं सांगायला हवं. मागून न देणारेच जास्त.

रिपोर्ट खरा आहे का, हेही तिनं विचारून घेतलं. लॅबला रिपोर्ट नंबर कळवला. दुसऱ्याच्या रिपोर्टातले आकडे लॅब सांगत नाही, ते योग्यच आहे, पण हा नंबर तुमच्याकडूनच गेला का, एवढं सांगते. गेला होता. बॅच जुळत होती, वर्णन ‘पिवळसर तेल’ होतं, तारीख उत्पादनानंतरची होती.

तक्ता असा: एका ग्रॅमला सीबीडी ३०.२ मिग्रॅ, सीबीडीए २.०, टीएचसी १४.५, टीएचसीए १.०, सीबीजी १.९, सीबीएन १.१.

टीएचसी १४.५. सुनेनं आकडा बघितला आणि मग माझ्याकडं बघितलं.

पण मी आधी हिशेब करायला लावला, कारण रिपोर्ट ग्रॅमचा होता आणि बाटली मिलीची. तिळाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, मिलीला ०.९२ ग्रॅम धरायचं. तीस मिली म्हणजे २७.६ ग्रॅम. सहाही आकड्यांची बेरीज ५०.७, गुणिले २७.६, म्हणजे बाटलीत सगळी कॅनाबिनॉइड मिळून १४०० मिग्रॅच्या आसपास. डब्यावर १५००. सातेक टक्के कमी. एवढी तूट मी माफ करतो, नैसर्गिक अर्कात इतकं इकडंतिकडं होतंच. म्हणजे ‘१५०० मिग्रॅ’ हे खोटं नव्हतं. फक्त ते १५०० कशाचे, हे लिहिलेलं नव्हतं. वर ‘सीबीडी ऑइल’ आणि खाली ‘१५००’, मध्ये काही नाही, तर गिऱ्हाईक काय समजणार?

एकट्या सीबीडीचा हिशेब करताना सीबीडीए थोडं कमी करून धरतात. शेवटचा ‘ए’ आम्लाचा. उष्णता मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं वजन मूळच्या ०.८७७ पट भरतं. रिपोर्टात ‘टोटल सीबीडी’, ‘टोटल टीएचसी’ अशा ओळी दिसतात त्या याच गुणाकारानं आलेल्या असतात. आमच्या बाटलीत टोटल सीबीडी निघालं ८८२ मिग्रॅ आणि टोटल टीएचसी ४२४ मिग्रॅ. अर्ध्या मिलीच्या एका डोसात टीएचसी सात मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

सात म्हणजे किती, हे कळायला एक माप घ्या. अमेरिकेत ड्रोनाबिनॉल नावानं टीएचसीच औषध म्हणून दिलं जातं. एड्सच्या रुग्णांची भूक वाढवण्यासाठी त्याची सुरुवात अडीच मिलिग्रॅमनं करतात, दिवसातून दोनदा. आमच्या बाईंनी आयुष्यात कधी होळीची भांगही घेतलेली नाही, आणि त्यांना पहिल्याच दिवसापासून त्याच्या जवळजवळ तिप्पट. तोंडावाटे घेतलेलं टीएचसी चढायला तास-दोन तास लागतात. नऊला जेवण, त्यावर तेल, अकराला बाथरूमच्या दारात तोल. वेळही जुळत होती.

आणि पहिल्या रिपोर्टाचा निकाल इथे लागला. या तेलात सीबीडी आणि टीएचसीचं प्रमाण दोनास एक आहे. पहिल्या रिपोर्टातल्या अर्कात टीएचसी नावालाही नाही. तो अर्क तेलात कितीही पातळ करा, सीबीडी आणि टीएचसी सारख्याच पटीनं कमी होतील, त्यांचं आपसातलं प्रमाण बदलणार नाही. पातळ करून दोनास एक येऊच शकत नाही. म्हणजे या बाटलीतलं तेल त्या अर्काचं नव्हतंच. कोडवरचा रिपोर्ट जुना होता एवढंच नव्हे, तो वेगळ्या मालाचा होता. चुकून राहिला की ठेवला, हे मला ठरवता येत नाही. पण पूर्ण खरा, सहीशिक्क्याचा रिपोर्ट चुकीच्या बाटलीला चिकटला तर खोट्या रिपोर्टाइतकंच नुकसान करतो, आणि तो पकडणं जास्त अवघड, कारण त्यात खोटं काहीच सापडत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ३१ कंपन्यांच्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. ६९ टक्के बाटल्यांत लेबलवरचा आकडा आणि आतला माल जुळत नव्हता, आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं.

शिसं ४१०, मर्यादा १०

दुसऱ्या पानावर धातू होते आणि तिथे घरात एकच घबराट उडाली. मुलानं पुण्याहून व्हॉट्सॲपवर लाल गोल काढून पाठवलं: शिसं ४१०, मर्यादा १०! आईला आपण विष पाजलं, असंच त्याला वाटलं.

हे मात्र सुनेनं मला न विचारता सोडवलं. निकालाच्या रकान्यावर मायक्रोग्रॅम प्रति किलो होतं आणि मर्यादेच्या रकान्यावर मिलिग्रॅम प्रति किलो. ४१० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४१ मिलिग्रॅम. मर्यादा १०. हळदीतही शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅमच आहे. हळद चकचकीत पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळणारे असतात, त्यामुळे त्या एका ओळीवर तिची नजर कायम असते. आयुर्वेदिक फार्माकोपियाप्रमाणे वनस्पतीजन्य औषधांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमपर्यंत (म्हणजे किलोला तेवढे मिलिग्रॅम) चालतं. आमचा माल चारही बाबतींत आत होता. भांगेचं झाड जमिनीतले धातू भराभर शोषतं, म्हणून हे पान बघायचं ते बघायचंच, पण एकक वाचून.

जंतूंची तपासणीही ठीक होती. ई. कोलाय नाही, साल्मोनेला नाही. इथे फार वेळ घालवला नाही.

वेळ घालवला तो तिसऱ्या पानावर, जे अर्धं कोरं होतं. कीटकनाशकांचा अंश: ओळच नाही. अर्क काढायला वापरलेल्या द्रावकाचा अंश, म्हणजे हेक्झेन किंवा इथेनॉल किती उरलं: ओळच नाही. पानांचा सत्त्व कशात तरी विरघळवूनच काढलेला असणार, आणि झाडावर फवारा मारला असेल तर अर्कात तो आणखी दाट होऊन येणार. पण कंपनीनं ते तपासायला सांगितलं नाही, म्हणून लॅबनं तपासलं नाही, म्हणून रिपोर्ट त्याबद्दल गप्प.

सांगली जिल्ह्यात हे निराळं समजावून सांगायची गरज पडू नये. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनामुळे. इथून निघताना मालाजवळ रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फवाऱ्याच्या उरलेल्या अंशाचे रिपोर्ट, होते आणि ते स्वच्छ होते. क्लोरमेक्वाट तपासायच्या यादीतच नव्हतं. तिकडच्यांनी ते तपासलं. तासगावकडच्या कुठल्याही जुन्या बागायतदाराला विचारा, तो अजून त्या हंगामाच्या नावानं कपाळावर हात मारतो. रिपोर्टात काय आलं हे वाचताना काय विचारलंच नाही तेही वाचायचं, हे त्या सालानं इथल्या शेतकऱ्याला शिकवलं. गिऱ्हाइकाला अजून शिकवायचं आहे.

मिरजेत

आयएनआर ४.४ आला. बाईंना तो अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलेला. महिन्यापूर्वी २.९ होता. मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे सुनेनं बाटली, दोन्ही रिपोर्ट आणि हिशेबाचा कागद ठेवला.

त्यांनी रिपोर्टातली एकच ओळ विचारली: रोज पोटात सीबीडी किती गेलं आणि टीएचसी किती? उत्तर तयार होतं, सीबीडी सुमारे २९ आणि टीएचसी १४ मिलिग्रॅम. सीबीडीमुळे यकृतात वॉरफरिनचं विघटन मंदावून आयएनआर चढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, पण ती अपस्माराच्या रुग्णाला सीबीडीचे मोठे डोस चालू असतानाची. इथे मात्रा लहान. शिवाय गरगरतंय म्हणून बाईंचं जेवण त्या दिवसांत निम्म्यावर आलेलं, आणि कमी खाण्यानंही आयएनआर चढतो. डॉक्टर म्हणाले, तेलानंच चढला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण बंद करायला एवढं पुरेसं आहे. गरगरण्याबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. वॉरफरिनचा डोस बदलण्याऐवजी त्यांनी तेल बंद ठेवून चार दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. आयएनआर ३.१. गरगरणं त्याच्या आधीच थांबलं होतं.

मुलानं विचारलं, टीएचसी नसलेलं, नुसतं सीबीडीचं तेल मिळालं तर? सीबीडीचा भक्कम पुरावा आहे तो मुलांच्या काही दुर्मीळ, हट्टी अपस्मारांसाठी. २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली ती ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन आजारांसाठी. झिजलेल्या गुडघ्यासाठी तसा पुरावा नाही, आणि रिपोर्ट कितीही चोख असला तरी तो वॉरफरिनबद्दल काही सांगत नाही. डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली, गुडघ्यावर चोळायची क्रीमसुद्धा आपल्याला विचारल्याशिवाय आणू नका म्हणाले, आणि बाईंच्या फाइलवर तेलाचं नाव, त्यातलं टीएचसी आणि बंद केल्याची तारीख लिहून ठेवली.

पुण्याच्या त्या ऑनलाइन फॉर्मचं प्रिंटआउट नंतर बघायला मिळालं. ‘चालू असलेली इतर औषधे’ हा रकाना त्यात होता. समोर कंसात ‘ऐच्छिक’ असं छापलेलं, आणि मुलानं तो रिकामा सोडलेला. वैद्यांनीही फोनवर विचारलं नाही. कंपनीनं पैसे परत केले, वर बाटली उघडलेली असल्यानं परत घेता येणार नाही असंही कळवलं. सुनेनं त्यांना शेवटची ईमेल लिहिली ती रिपोर्टाबद्दल नव्हती. तो रकाना सक्तीचा करा, एवढंच त्यात होतं. त्यावर अजून उत्तर नाही.